पेन्सिलीनं लिहिलेला खुनी

प्रश्न : ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’ या अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकादंबरीची इंग्रजी टीव्ही आवृत्ती बघितली. पुस्तक वाचताना बसलेला धक्का इथं बसलाच नाही. माझंच काही चुकलं का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमचं कशाला चुकतंय, ताई! १९२६च्या त्या कादंबरीची सगळी करामत गोष्ट कशी सांगितलीय यात आहे. कागदावर निवेदक एखादं वाक्य गिळून पुढं सरकतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. कॅमेरा खोलीत शिरला की त्याला दाखवायलाच लागतंय. (यापुढं बोललो तर संपादक मला फोडतील.) २०००च्या त्या टीव्ही भागात ख्रिस्तीच्या दुसऱ्या गोष्टींतल्या इन्स्पेक्टर जॅपलाही आणून बसवलाय, कादंबरीत तो नाहीच. गुप्तहेर प्वारो झालेले डेव्हिड सुशे मात्र फक्कड. निवृत्त होऊन भोपळ्याशी झुंजणारा त्यांचा प्वारो बघून मला आमच्या गल्लीतले रिटायर फौजदार आठवले. परसात दुधी लावायचे, आणि दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाची उलटतपासणी घ्यायचे.

मी ही कादंबरी कॉलेजात असताना रंकाळ्याच्या काठावर बसून उघडली. जुन्या बाजारातली प्रत. अकराव्या पानाच्या समासात कुणा पुण्यवंतानं पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं, खाली दोन रेघा मारून! खोडरबरानं पान फाटेपर्यंत घासलं. तुम्हाला निदान एकदा तरी धक्का मिळाला.