लंबाडा आणि ब्राझिलियन झूक हे एकच नृत्य आहे का?

एकच नाही, पण जोडीने नाचायच्या या दोन नृत्यांचं नातं थेट आई-लेकीचं आहे. लंबाडा उत्तर ब्राझीलच्या पारा राज्यातला. तिथल्या कारिंबो या लोकनृत्यात कॅरिबियन ताल मिसळले, आणि १९८०च्या दशकात बाहिया राज्यातल्या पोर्तो सेगुरो शहराच्या किनाऱ्यावर तो बहरला. १९८९मध्ये काओमा या गटाच्या गाण्याने तो जगभर पोहोचला. (त्या गाण्याची चाल मुळात बोलिव्हियाच्या लोस खारकास गटाची, हे आवर्जून सांगायला हवं.)

पुढे काही वर्षांत नवी लंबाडा गाणी येणं जवळपास थांबलं. नाचणारे मात्र थांबले नाहीत. त्यांनी ग्वादलूप-मार्टिनिक या कॅरिबियन बेटांकडचं झूक संगीत घेतलं, आणि त्यातून ब्राझिलियन झूक घडलं. या संगीताची लय संथ, त्यामुळे उड्या आणि झटपट गिरक्या कमी झाल्या, पावलं लांबली, शरीरातून लाटेसारखी जाणाऱ्या हालचालीला वेळ मिळाला. रिओत पावलं सरळ रेषेत मांडणारी शैली घडली. पोर्तो सेगुरोची जुनी, गोलाकार, वेगवान धाटणी आज लंबाझूक म्हणून ओळखली जाते.

ब्राझिलियन झूकचं मूळ पाऊल: एक लांब, दोन जलद. लांब पावलाला दोन मात्रा, जलद पावलांना एकेक, म्हणजे चार मात्रांत तीन पावलं. नवशिके लांब पावलावर वजन पूर्ण टाकत नाहीत, म्हणून पुढची दोन घाईत पडतात.

झूकमधल्या केस भिरकावणाऱ्या हालचाली मानेतून करू नका. सुरुवात छाती आणि पाठीच्या वरच्या भागातून होते, डोकं सगळ्यात शेवटी येतं. जोडीदाराने हाताने ओढून डोकं फिरवलं तर मान दुखावू शकते. पाठीची तयारी होईपर्यंत, निदान पहिले काही महिने, या हालचाली बाजूलाच ठेवा.