बारदाना वजा करून सांग, राजा!

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी दर्यापूर तालुक्यातला, बीएस्सी झाली, सध्या घरीच हाओ. जिनिंगच्या काटापट्ट्यायचा हिशेब ठेवाले एक प्रोग्राम केला, पट्ट्या असतीन दोनेक लाख. शिकाचं म्हणून तोच प्रोग्राम जावा, कोटलिन, स्काला अन् क्लोजर अशा चारही भाषेत लिहून पाह्यला. टास्क मॅनेजरमधी जावा-कोटलिन बरोबरीत, स्काला थोडी वर, क्लोजर पार दुप्पट. माह्या लॅपटॉप ८ जीबीचा. मंग जावावालाच प्रोग्राम मित्राच्या १६ जीबीवर चालवला त तिथं आणखीनच जास्त मेमरी खाल्ली! कोड तोच, पट्ट्या त्याच, मंग हे काहून? अन् या चौघीत कमी खाणारी कोणती ते एकदाचं सांगून टाका.

उत्तर : अरे राजा, मित्राच्या लॅपटॉपवर आकडा वाढला ना, तिथंच समजायचं की तू भाषा मोजलीच नाहीस, जेव्हीएम (हे प्रोग्राम चालवणारं जावाचं यंत्र) मोजलंस. या चौघीही शेवटी बाइटकोड (जेव्हीएमला कळणाऱ्या सूचना) होऊन त्याच जेव्हीएमवर चालतात अन् रॅम मागतं ते जेव्हीएम, आणि आपण काही सांगितलं नाही तर ते मशीनच्या रॅमच्या चौथाईपर्यंत हीप (प्रोग्रामचा डेटा ठेवायची जागा) वाढवायची मुभा स्वतःच घेतं, म्हणजे तुझ्याकडे २ जीबी अन् मित्राकडे ४. जागा मोकळी दिसली की नको झालेला डेटा साफ करणारा गार्बेज कलेक्टरही घाई करत नाही, आंगण मोठं असलं की रोज कोण झाडतं?

आता बाजार समितीत आपलं सोयाबीन काट्यावर पोत्यासकट चढतं अन् मग बारदाना वजा होतो, बरोबर? इथंही तसंच कर. जावातला साधा इंट (पूर्णांक) म्हणजे ४ बाइट. तोच वेगळ्या डब्यात भरून इंटिजर ऑब्जेक्ट झाला की नेहमीच्या ६४ बिट सेटिंगवर १६ बाइट, त्यातले १२ नुसत्या हेडरचे, म्हणजे डब्यावरच्या ओळखचिठ्ठीचे. माल ४, बारदाना १२! (जावा २५ मध्ये हेडर ८ बाइटवर आणायचा पर्याय आहे, स्वतः चालू करावा लागतो, पण इंटिजरला त्याचा फायदा शून्य, कारण ऑब्जेक्ट ८ च्या पटीतच बसतो अन् १२ चे परत १६ होतात.)

तुझ्या २ लाख वजनांचा हिशेब लाव. इंटच्या अ‍ॅरेत ८ लाख बाइट. जावाच्या अ‍ॅरेलिस्टमध्ये १६ चा ऑब्जेक्ट अन् ४ चा पत्ता मिळून ४० लाख. स्कालाच्या साध्या लिस्टमध्ये प्रत्येक आकड्यामागे १६ चा ऑब्जेक्ट आहेच, वर २४ बाइटची कडी वेगळी, म्हणून ८० लाख. अन् क्लोजरचा व्हेक्टर? तिथला आकडा लाँग (मोठा पूर्णांक) असतो, ऑब्जेक्टचे २४ अधिक पत्त्याचे ४, म्हणजे ५६ लाख आणि वर थोडं. झालं ना, ज्या क्लोजरला तू खादाड ठरवलंस ते स्कालाच्या लिस्टपेक्षा कमीच निघालं. कोटलिनमध्येही इंट लिहिलं तर ४, पण त्याला प्रश्नचिन्ह लावलंस किंवा लिस्टमध्ये टाकलंस की गुपचूप १६ होतात, इंटअ‍ॅरे घेतला तर परत ४. म्हणजे भाषेपेक्षा तू माल कशात भरलास तेच जास्त मोजल्या जातं.

मग क्लोजर दुप्पट का दिसलं? एक तर ते सुरू होतानाच आपली सगळी कोअर लायब्ररी लोड करतं, ते क्लास हीपमध्ये नाही, मेटास्पेसमध्ये (हीपबाहेरच्या वेगळ्या जागेत) बसतात अन् टास्क मॅनेजर सगळं एकाच पोत्यात तोलतो. दुसरं म्हणजे तू प्रत्येक पट्टीचा मॅप (नाव अन् आकडा अशा जोड्यांचा संच) केला असशील, अन् वाचलेली लेझी यादी (लागेल तशी तयार होणारी) वरच डेफने नाव देऊन ठेवली असशील तर ती शेवटपर्यंत सुटत नाही, कारण तिचं डोकं, म्हणजे पहिलं टोक, तूच धरून बसलास.

मी स्वतः यात एकदा सपशेल आपटलोय. टेस्टला १ ते १०० एवढेच आकडे फिरवले अन् ऑब्जेक्ट किती स्वस्त म्हणून चार जणांना सांगतही सुटलो, नंतर कळलं की -१२८ ते १२७ चे इंटिजर जावा आधीच बनवून ठेवतं अन् तेच तेच परत देतं. तुझी वजनं हजारात असतील, तुला ती सूट नाही.

खरं मोजायचं तर चौघींनाही एक्सएमएक्स (हीपची कमाल मर्यादा) एकसारखं दे, मग खाली आणत जा, २५६ एमबी, १२८, ६४, जिथं आउट ऑफ मेमरी येतं त्याच्या जरा वरचा आकडा ती हीपची खरी भूक. आणि जेसीएमडीने (जावासोबत येणारं तपासणीचं साधन) क्लास हिस्टोग्राम काढ, कोणत्या क्लासचे किती ऑब्जेक्ट अन् किती बाइट ते ओळीने दिसतं. हे एवढं केलंस तर हीपसाठी टास्क मॅनेजर उघडायची गरजच नाही.

तुझ्या कामाला मी कोटलिन घेतली असती, वजनं इंटअ‍ॅरेत. पण क्लोजर आवडलं असेल तर रॅमपायी सोडू नको रे, ते ५६ लाख बाइट म्हणजे सहा एमबीसुद्धा भरत नाहीत.