स्वतःच्या शरीरावरचा हक्क आणि स्त्री-पुरुष भेद यांवरची कोणती विज्ञानकथा आधी वाचावी?

एकच सांगायची तर ऑक्टेव्हिया बटलर यांची 'ब्लडचाइल्ड', १९८४ सालची. एका बैठकीत वाचून होते, पण पोटात ढवळून येतं, हे आधीच सांगून ठेवते.

पृथ्वीवरून पळून आलेली माणसं एका परक्या ग्रहावर आसऱ्याला आहेत. तिथले मूळ रहिवासी म्हणजे त्लिक, किड्यांच्या जातीचे पण आकाराने प्रचंड. त्यांची अंडी वाढायला दुसऱ्याचं उबदार शरीर लागतं. राहायला जागा मिळाली, त्याच्या बदल्यात माणसांनी आपली शरीरं द्यायची. निवड बहुतेक मुलग्यांची होते, कारण बायकांनी माणसांची पुढची पिढी जन्माला घालायची आहे. गान हा असाच ठरलेला मुलगा. ज्या त्लिक बाईंसाठी तो वाढलाय, त्यांचा त्याच्यावर जीव आहे आणि त्याचाही त्यांच्यावर. मग एका रात्री तो दुसऱ्या पुरुषाचं पोट फाडून अळ्या बाहेर काढताना पाहतो. वेळेत काढल्या नाहीत तर त्या माणसालाच खातात.

कॉलेजात वाचली तेव्हा मला ती भयकथा वाटली होती. दुसऱ्यांदा वाचली माझ्या सिझेरियननंतर. ऑपरेशनच्या कागदावर माझ्याआधी नवऱ्याची सही घेतली होती. मी शुद्धीवर होते, लिहिता-वाचता येत होतं, पण मला कुणी विचारलं नाही. त्यामुळे या खेपेला रक्तापेक्षा शेवटचा प्रसंग जास्त लागला. माणसांना बंदूक बाळगायला बंदी आहे, तरी गानच्या घरात एक लपवलेली आहे. ती तो स्वतःच्याच गळ्याला लावतो. बाई विचारतात, मग तुझ्या बहिणीकडे जाऊ का? बहीण तर आनंदाने तयार आहे. तो क्षणभर 'जा' म्हणतो, मग शब्द फिरवतो आणि स्वतः तयार होतो. पण बंदूक घरातच राहील, हा हट्ट सोडत नाही. आम्ही जोखीम घेतो, तशी तुम्हीही घ्या, एवढंच त्याचं मागणं.

ही गुलामगिरीची कथा नाही, असं बटलर यांनी स्वतः लिहिलंय; त्यांच्या मते ती प्रेमकथा आहे, आणि गरोदर पुरुषाची गोष्ट. मला हे निम्मंच पटतं. प्रेम खरं आहे, पण 'नाही' म्हणायची किंमत दोघांना सारखी पडत नाही.

त्यानंतर जेम्स टिपट्री ज्युनियर यांची १९७३ सालची 'द गर्ल हू वॉज प्लग्ड इन' घ्या. कुरूप ठरवलेली एक मुलगी तळघरातून, तारा जोडून, दुसरं सुंदर शरीर चालवते, तेही कंपनीचा माल खपवण्यासाठी. प्रेमात पडलेल्या तरुणाला ती समोर दिसते तेव्हा तो ओळखत नाही. टिपट्री हे ॲलिस शेल्डन या लेखिकेने घेतलेलं पुरुषी टोपणनाव. हे उघड होण्याआधी, १९७५ मध्ये, रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या नामवंत लेखकाने हे लिखाण पुरुषाचंच असणार असं छापून टाकलं होतं. कथा वाचताना हे डोक्यात असू द्या.

आपल्याकडचं काही हवं असेल तर बंगालच्या रुकैया हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम'. १९०५ मध्ये मद्रासच्या एका मासिकात इंग्रजीत छापून आलेली. तिथे बायका सूर्याची उष्णता वापरून शत्रूला परतवतात, आणि पडद्याआड पुरुष बसतात. भाषा सोपी आहे. इंग्रजीची धास्ती वाटत असेल तर खुशाल हिच्यापासून सुरुवात करा.