काका गेले कुठं? : सस्पेन्स गोष्टींवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की घरातली गुपितं, बेपत्ता झालेले नातेवाईक असल्या रहस्यकथांबद्दल काय विचारायचंय ते विचारा. पत्रं एवढी आली की निम्मी पुढच्या अंकाला ठेवावी लागली. काहींनी नाव छापू नका म्हटलंय, काहींनी मोठ्या अक्षरात छापा म्हटलंय, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही, भांडण नको.

सर, मी बँकेत आहे, रात्री जेवण झाल्यावर एक तरी थ्रिलर लागतोच, पुस्तक नाहीतर वेबसिरीज. पण हल्ली अर्ध्यातच कळतं कुणी केलंय ते. मी हुशार झालो की लिहिणारे आळशी झाले?
— एक वाचक, जुळे सोलापूर

दोन्ही थोडं थोडं. आमच्या वडलांची कुंभार वेशीकडं भाड्यानं पुस्तकं द्यायची लायब्ररी होती, दिवसाला दहा पैसे, खाकी कव्हर, आतून शिक्का. त्यात बाबुराव अर्नाळकरांचं कपाट वेगळं, कारण त्या माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्यात आणि लोक नंबरानं मागायचे. तर त्यातल्या एका पुस्तकात तिसाव्या पानावर कुणीतरी पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं, "दिवाणजीवर लक्ष ठेवा". वडील खोडरबर घेऊन बसले, खोडलं, आणि वर म्हणाले, बरोबर ओळखलंय की ओ भाड्यानं.

ओळखायची युक्ती जुनीच आहे. ज्याचं गोष्टीत काहीच काम नाही पण जो सारखा चहा घेऊन येतो, तो. घराण्याच्या गुपिताच्या गोष्टीत आणखी एक खूण असते, "जाऊ द्या आता, जुनं उकरून काय मिळणार" असं जो पहिल्यांदा म्हणतो, त्याच्या मागं लागायचं. पण मला विचाराल तर 'कुणी केलं' ह्यात आता दम राहिलेला नाही. माणूस घरातनं जातो, पहिल्या दिवशी सगळे शोधतात, वर्षानं निम्मे, आणि मग एक दिवस असा येतो की त्याचं नाव घेतलं की कुणीतरी भांडी आवरायला उठतं. विचारायचं पहिल्यांदा कुणी थांबवलं आणि का, हे बघत वाचा, अर्ध्यात कळलं तरी शेवटपर्यंत बसाल.

मी स्वतः एक कथा लिहितेय. नवरा बेपत्ता, सात वर्षं पूर्ण, दुसऱ्या दिवशी बायकोला विम्याचे पैसे आणि घर. असं खरंच होतं का? आणि पोलीस २४ तास थांबा म्हणतात ते?
— वाचिका, अक्कलकोट रोड

आधी २४ तासांचं. असा कुठलाही कायदा नाही, मिसिंगची तक्रार त्याच तासाला देता येते. पोरगं १८ च्या आतलं असेल तर २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून अपहरण धरूनच गुन्हा नोंदवायचा असतो. तुमच्या कथेतल्या हवालदाराला "उद्या या" म्हणू दे, हरकत नाही, पण मग तो असं का म्हणाला ह्याचं उत्तर तुम्हाला पुढं द्यावं लागेल.

आता सात वर्षं. हे १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम १०८, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १११ झालं. सात वर्षं पूर्ण झाली की माणूस आपोआप मेला असा त्याचा अर्थ नाही हो. ज्यांना त्याची खबर सहज लागली असती अशा लोकांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायचं ओझं जिवंत म्हणणाऱ्यावर येतं, बस एवढंच. त्यासाठी प्रकरण कोर्टात उभं राहावं लागतं आणि तो कधी गेला ती तारीख कायदा धरून देत नाही, ती ज्याला पाहिजे त्यानं सिद्ध करायची.

विम्याचं तर अजून गमतीचं आहे. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशाच एका प्रकरणात पैसे नाकारले, कारण माणूस बेपत्ता झाल्यावर हप्ते भरले नव्हते आणि पॉलिसी बंद पडली होती. म्हणजे बघा, पैसे पाहिजेत तर बेपत्ता माणसाच्या नावानं सात वर्षं हप्ता भरत राहायचा. आता तुमची कथा इथं आहे! घरात कुणाला माहीत नाही आणि दर तीन महिन्याला हप्ता भरला जातोय, पावत्या शिवणयंत्राच्या खणात. भरणारीला तो मेलाय हे पक्कं माहीत आहे, का तो परत येईल अशी आशा आहे? पावती दोन्हीकडं सारखीच दिसते.

आणि ते "ज्यांना खबर सहज लागली असती" हे शब्द सोडू नका. एकाच्या पेटीत एक पत्र जरी निघालं तरी सगळा हिशोब त्या पत्राच्या तारखेपासून पुन्हा मोजायचा.

हरवलेला भाऊ वीस वर्षांनी परत येतो आणि तो तोतया असतो, पण बायकोलासुद्धा कळत नाही. असं कुठं असतंय का? काहीही दाखवतात.
— निवृत्त शिक्षक, बार्शी

गुरुजी, तुम्ही बार्शीचे, इतिहास शिकवला असेल, आणि हे मला विचारताय! १४ जानेवारी १७६१ ला पानिपतात सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले आणि पुण्यात पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. पुढं कनोजकडचा एक जण मीच भाऊसाहेब म्हणत आला. माधवराव पेशव्यांनी त्याला कैदेत टाकलं, तर माधवराव गेल्यावर तो सुटला, कोकणात लोक त्याच्या बाजूला गेले, किल्ले घेतले, आणि १७७६ मध्ये त्याला पकडून मारला तेव्हा कुठं ते बंड मोडलं. पार्वतीबाई १७८३ पर्यंत होत्या. मला त्या बंडापेक्षा त्या बाईंचं जास्त वाटतं, घरातले सगळे समजावतायत आणि ह्या वाट बघतायत, बावीस वर्षं.

उलटं पण झालंय. बंगालात भवालच्या जमीनदार घराण्यातला मधला कुमार १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारला, दहन झालं असं सगळ्यांनी सांगितलं. १९२१ च्या सुमाराला ढाक्यात राख फासलेला एक संन्यासी दिसला, बहिणीनं ओळखला, बायकोनं ओळखायला साफ नकार दिला. १९३० मध्ये दावा लागला, दोन्हीकडून मिळून दीड हजाराच्या आसपास साक्षीदार, अंगावरचे डाग, जखमा, चालायची ढब, सगळं कोर्टात. १९३६ मध्ये ढाक्याच्या कोर्टानं निकाल संन्याशाच्या बाजूनं दिला, कलकत्ता हायकोर्टानं तोच कायम केला, आणि शेवटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, जुलै १९४६ मध्ये. त्यानंतर काही दिवसांतच तो वारला.

बायकोनं शेवटपर्यंत मान्य केलं नाही. तिला ओळख पटली नव्हती, का पटवून घ्यायची नव्हती? ओळखण्यात डोळ्यांचं काम फार थोडं असतं गुरुजी, कुणाला काय परवडतंय ह्यावर बरंच असतं.

दादा, आजकाल मोबाईलमुळं कुणी हरवूच शकत नाही ना? लोकेशन, सीसीटीव्ही, गूगल पे. मग लिहायचं कसं?
— कॉलेज विद्यार्थी, विजापूर रोड

हरवतात की. टॉवरवरून माणूस कुठल्या भागात आहे ते कळतं, कुठल्या घरात ते नाही. आणि फोन बंद करून नदीत फेकायचं काय कारण आहे, सगळे तेच दाखवतात. उलट फोन चालू ठेव. मेसेज येतायत, "मी ठीक आहे, कामात आहे, नंतर बोलतो", निळी टिकपण येते, आई समाधानी. फक्त धाकट्या बहिणीच्या लक्षात येतं की दादानं लिहिलंय "येतोय".

आता सोलापुरातलं कुठलं पोरगं घरच्या ग्रुपवर "येतोय" लिहितंय सांग मला? "यायलोय" लिहील. "करायलोय", "जेवायलोय", पुण्याला चार वर्षं काढली तरी आईला लिहिताना तेच. तेवढ्या एका शब्दावर फोन दुसऱ्याच्या हातात आहे हे कळलं की झालं, तुझं पहिलं प्रकरण तयार.

कागदावरची खूण जुनी झाली असं पण समजू नको. रहस्यकथा लिहिणारी खुद्द ॲगाथा ख्रिस्ती डिसेंबर १९२६ मध्ये अकरा दिवस गायब होती, सगळं इंग्लंड शोधत होतं आणि बाई हॅरोगेटच्या हॉटेलात, रजिस्टरला नवऱ्याच्या मैत्रिणीचं आडनाव लावून राहिलेली. तसलं एक आडनाव शंभर सीसीटीव्हींना भारी आहे.

असल्या गोष्टी नेहमी कोकणातल्या पडक्या घरात नाहीतर पुण्याच्या वाड्यात का? आपल्या सोलापुरात काय गुपितं नाहीत?
— वाचिका, साखर पेठ

नाहीत कशी, फक्त इथं पाऊस नाही ना. लिहिणाऱ्यांना सस्पेन्सला धो धो पाऊस आणि कंदील लागतो. मला तर मे महिन्यातली दुपारची तीनची वेळ जास्त भीतीदायक वाटते, रस्त्यावर कुत्रं नाही, खिडक्यांना ओल्या चादरी, सगळं घर झोपलेलं आणि एकटी कडी वाजतेय. आणि पॉवरलूमच्या वस्तीत तर आवाज एवढा की शेजारचा काय ओरडला ते कळत नाही, कारखान्यात माणसं खुणांनी बोलतात. लाईट जाते, सगळे माग एकदम थांबतात, आणि त्या शांततेत भिंतीपलीकडचं अर्धं वाक्य ऐकू येतं. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर लाउडस्पीकरवर हरवलेल्या पोरांची नावं पुकारतात, तिथं एखाद्या वर्षी तीस वर्षांपूर्वी हरवलेल्याचं नाव पुकारलं गेलं तर? शिवाय एकाच गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, आजी कुठल्या भाषेत पुटपुटते ते नातवंडाला कळत नाही, गुपित ठेवायला ह्याहून चांगलं गाव कुठलं.

मुलगा चौदा वर्षांचा, रात्रभर खुनाची पुस्तकं वाचतो. काळजी करू का?
— एक आई, होटगी रोड

वाचतोय ना? झोपेचं बघा, पुस्तकाचं राहू द्या.

माझी मावशी मी लहान असताना घरातनं गेली, ती गेलीच. घरात तिचं नाव काढत नाहीत, लग्नाच्या ग्रुप फोटोत तिच्या जागी कात्रीनं कापलेलं आहे. मला ह्यावर कादंबरी लिहायचीय. आई म्हणते लिहिलीस तर तोंड बघणार नाही. काय करू?
— वाचिका (गाव छापू नये)

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. उत्तर द्यायच्या आधी आमच्या घरातलं सांगतो.

माझ्या आजीचा धाकटा भाऊ. आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं की मामा आषाढीला वारीत गेला आणि चंद्रभागेच्या गर्दीत हरवला, परत आलाच नाही. दर आषाढीला आजी शेंगाची पोळी करून एक वेगळी काढून ठेवायची, उपास सगळ्यांना आणि पोळी एकट्या मामाला, दुसऱ्या दिवशी गायीला. आजी गेल्यावर माळा आवरताना शेंगा चटणीचा एक गंजका डबा सापडला, आत पोस्टकार्डं, एकोणीस होती, सगळ्यांवर भिवंडीचा शिक्का. मामा बुडाला नव्हता. एका तेलुगू विणकराच्या मुलीशी लग्न करून तिकडं मागावर काम करत होता, दोन पोरं, पोरांची नावं पण लिहिलेली, आणि प्रत्येक कार्डाच्या शेवटी "अक्का, घरात सांगू नको".

हे वाचून मी थोडा वेळ तिथंच धुळीत बसलो, आणि मग डोक्यात आलं की आजीला तर वाचता येत नव्हतं.

मग तिला वाचून कोण दाखवत होतं?

खाली आलो तर वडील पेपर वाचत होते. डबा बघितला, चष्मा काढला, म्हणाले, पहिलं कार्ड आलं तेव्हा मी पाचवीत होतो. हा माणूस आयुष्यभर भाड्याच्या पुस्तकातले खुनी तिसाव्या पानावर ओळखत बसला आणि पन्नास वर्षं त्या वेगळ्या काढलेल्या पोळीसमोर जेवला. मी म्हटलं, अहो सांगायचं नाही होय? तर म्हणाले, विचारलं कुणी?

ते दिवाणजीचं पेन्सिलचं अक्षर त्यांचंच असणार असा मला तेव्हापासून संशय आहे.

तर ताई, कादंबरी लिहा, पण आईशी वाद घालत लिहू नका. आईनं फोटो जाळला नाही, कापला, आणि कापलेला फोटो अजून ठेवलाय, ह्याच्यावर जरा विचार करा. तो तुकडा कुठं आहे ते विचारा, लिहितेय म्हणून नाही, नुसतं भाजी निवडत बसल्यावर. नाही सांगितलं तर पुन्हा पंधरा दिवसांनी विचारा. मावशीच्या वयाचं आणखी कोण असेल तर त्यांच्याकडंपण जाऊन बसा. कादंबरीत गाव बदला, पेठ बदला, मावशीच्या जागी आत्या करा, कात्री मात्र तशीच राहू दे.

आणि एक, पत्रात तुम्ही मावशीचं खरं नाव आणि माहेरची गल्ली लिहून टाकलीय, तेवढं मी काळ्या पेनानं खोडून मगच टायपिंगला दिलंय. कार्बन ठेवलेला नाही.