हिंटमध्ये पासवर्डचा अंशही नको

पासवर्डने कुलूपबंद केलेल्या फाइलीला हिंट, म्हणजे पासवर्ड आठवण्यासाठीची खूण, लिहावी का, हा तुझा प्रश्न काल दोनदा वाचला. हिंट लिहिली तर कोणी ओळखेल, नाही लिहिली तर तूच विसरशील. या कात्रीत मीही सापडलो होतो, म्हणून लगेच लिहायला बसलो.

हिंट कुलूप उघडण्याआधी दिसावी लागते, म्हणून ती एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे सांकेतिक रूपात बदललेली, नसते. फाइल ज्याच्या हाती पडते, त्याच्या हाती हिंटही पडते. म्हणून तिच्यात पासवर्डचा अंशही नको. तू 'आजीचं नाव आणि जन्मसाल' लिहितेस आणि वर एईएस-२५६ ही एन्क्रिप्ट करण्याची पद्धत पुरेशी आहे का विचारतेस! अगं, एईएस फोडायला कोण बसतंय? आजीचं नाव शोधणं त्याहून कितीतरी सोपं.

२०१३ साली अ‍ॅडोबी या सॉफ्टवेअर कंपनीची सुमारे १५ कोटी खाती फुटली. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, पण सारख्या पासवर्डचा सांकेतिक मजकूरही सारखाच दिसत होता आणि शेजारी हिंट उघड्या. एकाने जपून लिहिलं तरी तोच पासवर्ड वापरणाऱ्या दुसऱ्याने हिंटमध्ये उत्तरच देऊन ठेवलेलं. अंशही नको म्हणतो, तो यासाठी.

(अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या झिप फाइलीला पासवर्ड लावला तरी आतल्या फाइलींची नावं सहसा बाहेरून दिसतात. तीही एक हिंटच.)

माझ्याकडे वडिलांच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं आहेत. हिंट लिहिली होती, 'नेहमीचा, पण नवा'. चार वर्षांनी त्या 'नव्या'चा अर्थ मलाच लागेना. घरचे म्हणतात, जरा स्पष्ट लिहायला काय झालं होतं? मला ते आजही पटत नाही. हिंट मोघम होती ही चूक नव्हे. पासवर्ड फक्त डोक्यात ठेवला, ही चूक.

तेव्हा फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून सहा शब्द निवड, कागदावर लिही आणि तो कागद फाइलीपासून दूर, कुलपात ठेव. हिंटमध्ये फक्त 'कागद ३'. कोणता पासवर्ड एवढंच तिने सांगावं. काय आहे, ते नाही. अंशही नाही.

आजच बदल. नुसती हिंट बदलून भागणार नाही. जुन्या प्रती जुन्याच पासवर्डने उघडतात, त्या शोधून पुसाव्या लागतील. पण नवी प्रत कागदावरून पासवर्ड टाइप करून उघडून पाहिल्याशिवाय मूळ फाइल पुसू नकोस. मी पुसली होती.