पुन्हा कधीच न मिळणारा रॉयल पास घ्यावा का?

साताऱ्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या प्रश्नकर्त्याने विचारले आहे, की बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या खेळाचा चालू रॉयल पास (ठरावीक मुदतीत टप्पे ओलांडून बक्षिसे मिळवण्याची सशुल्क योजना) संपत आला आहे, त्यातला खेळातल्या पात्राचा पोशाख पुन्हा कधीच मिळणार नाही असे सगळे मित्र सांगत आहेत आणि सत्रपरीक्षाही तोंडावर आली आहे; अशा वेळी पास घ्यावा की सोडून द्यावा?

घ्यायचाच असेल, तर तो अगदी शेवटच्या दोन दिवसांत घ्या, आणि तोही तोवर सहज खेळता खेळता तुम्ही ज्या टप्प्यापर्यंत पोहोचला असाल, तिथवरचीच बक्षिसे पैसे देण्याजोगी वाटली तर. पैसे उशिरा भरले तरी आधी ओलांडलेल्या टप्प्यांवरची सशुल्क बक्षिसे एकदम उघडतात, हे बहुतेक खेळाडूंना ठाऊक असते. पण त्याचा उपयोग फारसा कोणी करून घेत नाही. पहिल्याच दिवशी पैसे भरणाऱ्याच्या हाती बक्षिसांपैकी फार थोडे लागते. बाकीचे मिळवण्याची मुभा तेवढी त्याने विकत घेतलेली असते, आणि मग भरलेले पैसे वसूल व्हावेत म्हणून तो मन असो वा नसो, मिशन्स, म्हणजे टप्पे ओलांडण्यासाठी खेळात दिलेली कामे, करत राहतो.

सांगलीत माझे मोबाइलचे लहानसे दुकान आहे, आणि पास संपायच्या संध्याकाळी पासचे पैसे भरण्यासाठी प्ले स्टोअरचा रिडीम कोड मागायला विश्रामबागेकडची कॉलेजची मुले हमखास येतात. (त्यात मला कमिशन मिळते, तेव्हा हा सल्ला माझ्या फायद्याचा नाही, हे नोंदवून ठेवतो.) मागे एक मुलगा चार्जर घेऊनच आला, काउंटरशेजारच्या प्लगला त्याने फोन लावला आणि उभ्या उभ्या राहिलेली मिशन्स उरकू लागला. एका मिशनसाठी ठरावीक अंतर पोहायचे होते, म्हणून सामना चालू असताना हा नदीतच गोल गोल फिरत होता, आणि संघातल्या बाकीच्यांच्या शिव्या त्याच्या हेडफोनमधून मलाही ऐकू येत होत्या. तो खेळत होता असे म्हणणे मला जड जाते.

आता ‘कधीच मिळणार नाही’ या वाक्याकडे पाहू. तासगावची द्राक्षे उन्हाळ्यात संपतात, कारण वेलीवर माल उरत नाही. पोशाखाची फाइल मात्र मुदत संपल्यावरही कंपनीच्या सर्व्हरवर जशीच्या तशी असते. निन्टेंडोने ‘सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स’ हा खेळ सप्टेंबर २०२० मध्ये विक्रीला आणला आणि ३१ मार्च २०२१ नंतर त्याची डाउनलोड करायची आवृत्तीही काढून घेतली, जिचा साठा संपण्याचा प्रश्नच नव्हता. मुदत ठरवणारी कंपनीच असते, आणि ती मुदत बदलूही शकते: फोर्टनाइट या खेळाच्या पासमधल्या वस्तू वर्षानुवर्षे ‘पुन्हा नाही’ याच बोलीवर विकल्या गेल्या, पण पुढच्या पासमधल्या वस्तू मुदत संपल्यानंतर १८ महिन्यांनी दुकानात येऊ शकतील, असे तो खेळ बनवणाऱ्या एपिकने २०२४ मध्ये जाहीर केले. २०२१ चा ‘हेलो इन्फिनिट’ हा खेळ तर कधीच न संपणारे पास घेऊन आला. म्हणजे मुदतीवाचून पास चालत नाही, असेही नाही.

तरीही ओढ वाटते, आणि त्यात तुमचा दोष नाही. स्टीफन वर्चेल आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात एकाच प्रकारची बिस्किटे काहींना दहा असलेल्या बरणीतून, तर काहींना दोनच असलेल्या बरणीतून दिली. दोनच्या बरणीतली अधिक हवीशी ठरली, आणि डोळ्यांदेखत दहाची दोन झाली तेव्हा तर आणखीच. पासच्या पडद्यावर उलटे धावणारे दिवस आणि तास नेमके हेच काम करतात.

खरोखरचे गमावणेही असते, पण ते भलत्याच बाजूने येते. ‘डेस्टिनी २’ मधल्या पैसे देऊन घेतलेल्या मोहिमा नोव्हेंबर २०२० मध्ये खेळातून काढून टाकल्या गेल्या; ज्यांनी वेळेत पैसे भरले होते, त्यांच्याही हातून त्या गेल्या. आपल्याकडे पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, त्याचीच भारतीय आवृत्ती असलेला बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये अॅप स्टोअरमधून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. त्यामुळे आज घेतलेला पोशाख कायम आपल्याजवळ राहील, हे गृहीत धरून किंमत मोजू नका. येत्या एक-दोन महिन्यांत तो अंगावर घालून जेवढे खेळाल, तेवढ्याचीच मोजा. परीक्षेच्या महिन्यात ती बरीच कमी निघेल, असा माझा अंदाज आहे.

लकी स्पिन आणि क्रेट, म्हणजे पैसे भरून नशिबाने वस्तू मिळवण्याचे प्रकार, यांना वरचा सल्ला लागू नाही. तिथे शेवटच्या दिवसापर्यंत थांबूनही काय मिळेल ते आधी कळत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी माझ्या दुकानातून कोड नेऊ नका. पाससाठी यूसी, म्हणजे पैसे देऊन मिळणारी खेळातली नाणी, घेतानाही उरलेल्या नाण्यांकडे लक्ष असू द्या, कारण पाकिटांचे आकडे पासच्या किमतीशी क्वचितच जुळतात आणि शिल्लक राहिलेली थोडी नाणी वाया जाऊ नयेत म्हणून पुढचे पाकीट घेतले जाते.