आजीच्या गोळ्यांवरचे सूर्य-चंद्र

दादा, नमस्कार.

जिंतूर तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी दोन वर्षं लातूरला राहिली, नीटला गुण कमी पडले, आता बीएस्सी नर्सिंग करायचं म्हणते. तुम्ही मात्र एआय इंजिनिअरिंग ठरवून मोकळे झालात. कारण 'पाच वर्षांत मशीनच पेशंट तपासणार, औषधं लिहिणार.' कॉलेज कोणतं, एवढंच विचारलंय.

कॉलेजचं नंतर. तुमची एक तक्रार आहे, मी तिथेच अडकले. अभ्यास सोडून ती आजीच्या औषधांत वेळ घालवते. आजीला वाचता येत नाही म्हणून गोळ्यांच्या पाकिटांवर पेनाने सूर्य आणि चंद्र काढते. याला वेळ घालवणं म्हणता? सकाळची गोळी रात्री गेली तर काय होईल, हे त्या पोरीने कुणी न सांगता ओळखलं! आणि 'हल्ली ती आमच्यात जेवायला बसत नाही' हे तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंत. मला तिच्या गुणांपेक्षा त्याचीच काळजी वाटते. तुमचा धाक जरा कमी करा.

आता मशीनचं. भारताच्या २०२० च्या टेलिमेडिसिन (म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार) मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय: एआयने रुग्णाला सल्ला द्यायचा नाही, औषध लिहून द्यायचं नाही; नोंदणीकृत डॉक्टरला मदत तेवढी करायची. ही मदत मोठी आहे. डॉक्टर-पेशंटचं बोलणं ऐकून टिपण काढणं, डिस्चार्ज कार्डाचा मसुदा करणं, ही कामं जनरेटिव्ह एआय करू लागलंय. पण ओपनएआय कंपनीच्या 'व्हिस्पर' या बोलणं ऐकून लिहून काढणाऱ्या एआयवरच्या २०२४ च्या अभ्यासात सुमारे १ टक्का ध्वनिमुद्रणांत कुणी न बोललेली वाक्यं उतरलेली सापडली. बोलणारा जास्त थांबत असेल तिथे अधिक. तुमच्या आई थांबत थांबत म्हणाल्या, "जीव घाबरा व्हायलाय," आणि टिपणात आलं फक्त 'भीती वाटते', तर? ते खोडून, नाडी धरून डॉक्टरांना हाक मारणारं माणूस वॉर्डात लागतंच. तुमच्या मुलीला तेच व्हायचंय.

नर्सिंगला राज्याची वेगळी सीईटी असते, पदवी चार वर्षांची. इंजिनिअरिंगही चांगलंच, पण तिला हवं असेल तर.

कॉलेजचं नाव मी आज सांगणार नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या. आणि पाठवण्याआधी ते वाचू नका.